बाराचे पाच चार तासांत: अमळनेरच्या एका भिंतीवरच्या घड्याळाचं ओव्हरक्लॉकिंग

अमळनेर, मे महिना, पारा ४४. धाब्याचं जुनं घर, पुढे पडवीला पत्रा. तक्रार आजोबांची, आणि ती कूलरची नाही की पंख्याची नाही. बारा ते पाच हा वेळ सरत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. आयटीआय झालेल्या नातवाने त्याचा सरळ अर्थ लावला: घड्याळ हळू चालतंय, ते ओव्हरक्लॉक करायचं, म्हणजे ठरल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं. आणि ओव्हरक्लॉक केलं की तापणार, म्हणून थंडही करायचं.

प्रकरण रचलेलं आहे, माणसं कोणत्याही घरातली समजावीत. भाग, आकडे आणि चुका मात्र खऱ्या आहेत. काळ म्हणजे काय, या चर्चेसाठी अमळनेरात १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर आहे, तो प्रश्न तिकडेच राहू द्यावा. इथे प्रश्न फक्त दीड व्होल्टच्या मशीनचा.

मशीनच्या पोटात काय आहे

भिंतीवरच्या साध्या टिकटिक घड्याळात एक पेन्सिल सेल, डांबराच्या ठिपक्यासारखी एक चिप, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा धातूचा दंडगोल, केसाहून बारीक तारेची कॉइल आणि प्लास्टिकची चाकं असतात. दंडगोलात क्वार्ट्झचा चिमुकला चिमटा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. चिप त्या आकड्याला पंधरा वेळा दोनाने भागते, तेव्हा सेकंदाला बरोबर एक ठोका उरतो. प्रत्येक ठोक्याला कॉइलमध्ये साधारण ३१ मिलिसेकंदांचा पल्स जातो, रोटर, म्हणजे फिरणारं चुंबक, अर्धा फिरतो, सेकंद काटा एक घर पुढे सरकतो. पुढचा पल्स उलट दिशेचा. ही मोटर मारिअस लावे या फ्रेंच अभियंत्याची, १९३६ सालची.

म्हणजे वेग ठरवतो तो क्रिस्टल, सेल नाही. नातवाला हे ठाऊक नव्हतं, म्हणून पहिला प्रयोग सगळेच करतात तोच झाला: एकाऐवजी दोन सेल, तीन व्होल्ट. घड्याळ काडीचंही पुढे पळालं नाही. व्होल्टेज दुप्पट केलं की कॉइलमधला करंट दुप्पट आणि उष्णता चौपट होते, वेग तिथेच राहतो. चिप दीड व्होल्टच्या हिशोबाने केलेली असते, ती काही मशीनमध्ये तग धरते, काहींत कायमची मरते. ‘नवा सेल घातला की घड्याळ पुढे पळतं’ हा समजही असाच. सेल उतरला की काटा मागे पडतो, कारण तो ठोके गाळतो, आणि गाळायची सुरुवात नेहमी नवाच्या आसपास होते. सहापासून बारापर्यंत काटा चढणीला असतो आणि नवाला तो अगदी आडवा, म्हणजे गुरुत्वाचा ओढा तिथे सर्वांत जास्त. नवाजवळ थरथरणारा काटा दिसला की मशीन उघडू नका, सेल बदला.

तापमानाचा हिशोब, आणि नायट्रोजनचं स्वप्न

संगणकाच्या जगात ओव्हरक्लॉकिंगसोबत थंडावा येतो त्याला कारण आहे. प्रोसेसरचा वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं, व्होल्टेज वाढलं की उष्णता त्याच्या वर्गाने वाढते, आणि चिप तापली की गळणारा करंटही वाढतो. म्हणून विक्रम करणारे द्रवरूप नायट्रोजन ओततात. २०२२ मध्ये इंटेलचा एक प्रोसेसर ९ गिगाहर्ट्झच्या पुढे गेला तो त्याहून थंड द्रवरूप हेलियमच्या जिवावर. तिथे शेकडो वॅट उष्णता बोटभर जागेतून काढायची असते.

घड्याळात किती? कॉइल ३०० ओहमची धरली तर दीड व्होल्टवर ५ मिलिअँपिअर, तेही सेकंदातले फक्त ३१ मिलिसेकंद. सरासरी निघते ०.२३ मिलिवॅट. दिवसभराची उष्णता २० ज्यूल, जी पाण्याच्या एका थेंबाच्या सहाव्या भागाने वाफ होता होता नेली असती. चिपवर उष्णता काढणारा हीटसिंक आणि थर्मल पेस्ट लावून तापमानात पडणारा फरक अंशाच्या शंभराव्या भागात मोजावा लागेल, आणि तेवढं मोजणारा थर्मामीटर तालुक्यात मिळायचा नाही.

तरी नायट्रोजनचा विषय निघालाच, कारण नायट्रोजन खरोखर तालुक्यात असतो. संगणकवाल्यांकडे नाही, पशुवैद्यकीय दवाखान्यात. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी गोठवलेल्या रेतमात्रा उणे १९६ अंशांच्या जारमध्ये ठेवतात. एक लिटर नायट्रोजन उकळून जाताना साधारण १६१ किलोज्यूल उष्णता घेतो. नुसत्या घड्याळाची उष्णता शोषायची तर कागदावर एक लिटर २२ वर्षं पुरतो. पडवीतल्या ४४ अंशांच्या हवेत उघड्या भांड्यात तो चहा होईपर्यंतही टिकला तर नशीब. आणि डॉक्टरांकडे मागायला जाऊच नये. जारमधली पातळी खाली गेली की आतल्या सगळ्या रेतमात्रा वाया जातात, म्हणजे दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला. शिवाय एका लिटरचा सुमारे सातशे लिटर वायू होतो: बंद खोलीत तो श्वासातला ऑक्सिजन ढकलून देतो, आणि झाकण घट्ट लावलेलं भांडं फोडतो.

समजा, तरीही मिळाला. पेन्सिल सेलचं इलेक्ट्रोलाइट गोठेल, चाकांचं वंगण मेणासारखं घट्ट होईल, प्लास्टिक आकसून ठिसूळ होईल. आणि हे सगळं सोसून घड्याळ चाललंच, तर ते *हळू* चालेल. ही या प्रकरणातली खरी मेख.

घड्याळाच्या क्रिस्टलचा आलेख उलट्या वाटीसारखा असतो. वाटीचं टोक २५ अंशांवर, पाच अंश इकडे-तिकडे. तिथून तापमान वर जावो की खाली, वेग घटतोच, आणि घट फरकाच्या वर्गाने वाढते: अंतराचा वर्ग गुणिले ०.०३४, उत्तर दशलक्षात इतके भाग. दशलक्षात एक म्हणजे दिवसाला ०.०८६ सेकंद. आता मांडा:

४५ अंशांची भिंत: २० चा वर्ग ४००, म्हणजे दशलक्षात १३.६. दिवसाला जवळपास १.२ सेकंद मागे.
५० अंश, पश्चिमेची पत्र्याखालची भिंत: दिवसाला १.८ सेकंद मागे.
शून्य अंश, बर्फाच्या डब्यात: २५ चा वर्ग. पुन्हा १.८ सेकंद मागे.

म्हणजे घड्याळाच्या दृष्टीने बर्फाची लादी आणि पत्र्याखालची दुपार एकच. केळीवाल्याला हे सांगावं लागत नाही: माल १३ अंशांच्या खाली गेला की साल काळवंडते, म्हणून शीतगृहातला माणूस ‘जास्त थंड म्हणजे जास्त चांगलं’ असं कधी म्हणत नाही. उणे १९६ अंशांना हेच सूत्र दिवसाला सव्वादोन मिनिटांहून जास्त घट दाखवतं. सूत्र इतक्या लांब ताणणं बरोबर नाही, पण दिशा तीच.

म्हणजे मे महिन्यात अमळनेरचं घड्याळ खरंच मंदावतं. आजोबांची तक्रार तत्त्वतः बरोबर होती. ती दिवसाला एका सेकंदाची होती, एवढंच.

थंडाव्याचे तीन प्रयोग

पंखा. फरक शून्य. पंख्याने माणसाला गार वाटतं ते घामामुळे. घड्याळाला घाम येत नाही, त्याच्या अंगावर ४४ची हवा आली काय अन् तीच हवा जोरात आली काय.

पेल्टिअर. टीईसी१-१२७०६ नावाची चार सेंटिमीटरची पांढरी चकती मोबाइल कूलरमध्येही असते. वीज दिली की तिची एक बाजू गार होते आणि दुसरी गरम. १२ व्होल्टवर ती साठेक वॅट खाते. ०.२३ मिलिवॅटच्या घड्याळामागे साठ वॅट, म्हणजे अडीच लाख पट. पण बिघाड वेगळ्याच जागी होतो. ४४ अंश आणि १५ टक्के दमट हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं तो, ११-१२ अंशांच्या आसपास असतो. चकतीची थंड बाजू त्याखाली सहज उतरते आणि मशीनवर दव धरतं. क्रिस्टलचं सर्किट इतक्या क्षीण प्रवाहावर चालतं की त्याच्या दोन पायांमधली ओलसुद्धा त्याला थांबवते. आणि लाईट गेली की उलटंच होतं: चकतीच्या गरम बाजूच्या अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातली उष्णता चकतीतूनच मागे येते आणि घड्याळ शेकून काढते. गरम बाजूला ठोकळा न लावता चकती चालू केली तर ती थोड्याच वेळात स्वतःच जळते.

माठ. इथे खानदेशची हवा मदतीला येते. ४४ अंश, १५ टक्के आर्द्रता असताना ओल्या फडक्याचं तापमान २३ अंशांच्या आसपास जातं, आणि हवेशीर सावलीतला सच्छिद्र माठ २६-२७पर्यंत उतरतो. क्रिस्टलला हवंय २५. माठाला टेकवलेल्या घड्याळाची घट दिवसाला एका सेकंदाचा शंभरावा भाग. वर एक फुकटचा फायदा: बाष्पीभवनाने गार झालेलं पाणी दवबिंदूच्या खाली जाऊच शकत नाही, त्यामुळे पेल्टिअरसारखं दव धरायची भीती नाही. कूलरच्या टाकीतल्या पाण्यावर संगणक गार करणाऱ्यांनाही हाच फायदा मिळतो, पण तो वेगळा विषय.

करायची रीत: घड्याळाचं मशीन काट्यांपासून वेगळं करू नका, सगळं घड्याळच माठाला टेकवा. मशीनची पाठ प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत गुंडाळा, सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने माठाच्या पोटाला बांधा. पिशवी माठाचा जेवढा भाग झाकते तेवढा भाग गार करत नाही, म्हणून ती मशीनपुरतीच ठेवा. माठ जुना असेल तर आधी बघा: बोअरच्या खाऱ्या पाण्याने एक-दोन हंगामांत छिद्रं क्षारांनी बुजतात, माठ पाझरत नाही आणि पाणीही गार होत नाही. पाऊस सुरू झाला की हा सगळा खटाटोप सोडून द्या. हवा दमट झाली की माठ उतरत नाही, पण तेव्हा भिंतच तीस अंशांवर आलेली असते.

बांधाबांध चालू असताना आजी पाणी घ्यायला आली, एवढंच म्हणाली: “काय करी ऱ्हायना रे?”

आता खरं ओव्हरक्लॉकिंग

माठाने मिळवला दिवसाचा एक सेकंद. आजोबांना हवा होता एक तास. त्यासाठी क्रिस्टलला हात घालावा लागतो.

सोपा मार्ग, क्रिस्टल बदलणं. त्याच आकाराचा ३८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल मिळतो. घड्याळ सोळा टक्के पळतं: बाराचे पाच चार तास एकोणीस मिनिटांत वाजतात. पण रात्रीही ते तेवढंच पळतं आणि सकाळी उठल्यावर नातवाला तासाला साडेनऊ मिनिटांचा हिशोब मागे ओढावा लागतो. कपॅसिटर बदलून क्रिस्टल ‘ओढणं’ हा आणखी एक मार्ग, त्याने फार तर दशलक्षात शंभर मिळतात. पाच तासांच्या दुपारीत १.८ सेकंद. सोडून द्या.

कामाचा मार्ग: चिपला रजा देऊन कॉइल आर्डुइनोने, म्हणजे प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाने, हाकणं. बारा ते चार घड्याळ सव्वापट पळवायचं, म्हणजे चार वाजता त्यात पाच. मग त्या चारपासून सकाळी सहापर्यंत, १४ तासांत, फक्त १३ तास दाखवायचे. सहाला घड्याळ खरं, बारापर्यंत खरं. चोरलेला तास झोपेतून परत.

मशीन टिकटिकच घ्या. आवाज न करणारं, सरकत्या काट्याचं मशीन वेगळ्या पद्धतीने हाकलं जातं, ते चालणार नाही. नवीन मशीन स्वस्त असतं, दोन आणा, कारण पहिलं मरणार आहे. काटे सेकंद, मिनिट, तास या क्रमाने ओढून काढा, परत बसवताना तिन्ही बारावर. झाकणाच्या खुंट्या सोडवण्याआधी मोबाइलने फोटो काढा, चाकं उसळली की त्यांचा क्रम आठवत नाही. कॉइलपासून चिपकडे जाणारे दोन्ही ट्रॅक ब्लेडने कापा. हे विसरलं की दोन ठोक्यांच्या मधल्या वेळी चिप कॉइलची दोन्ही टोकं जोडून धरते आणि तुमचा पल्स तिच्यातच जिरतो. तारा सर्किटच्या पट्टीवर सोल्डर करा, कॉइलच्या तारेला हात लावू नका. ती तुटली की मशीन संपलं.

मग मल्टिमीटरने कॉइलचा रोध मोजा. ५ व्होल्टवरून हाकायची तर मालिकेत कॉइलच्या साधारण सव्वादोन पटीचा रेझिस्टर हवा: ३०० ओहमला ६८० ओहम, २०० ला ४७०. कॉइलच्या प्रत्येक टोकावर दोन-दोन १एन४१४८ डायोड, एक ५ व्होल्टकडे आणि एक ग्राउंडकडे, कॉइल सोडताना उसळणारं व्होल्टेज पिनला मारू नये म्हणून. पहिली पिन ३० मिलिसेकंद वर, मग दोन्ही खाली. पुढच्या ठोक्याला दुसरी पिन वर. दोन्ही वेळा एकच पिन वर केली तर काटा जागच्या जागी उचकी देतो. पल्स फार छोटा असेल तर काटा थरथरतो, पुढे सरकत नाही.

वेगाची कमाल किती? पल्सच ३० मिलिसेकंदांचा, त्यामुळे सेकंदाला तेहतीसच्या पुढे कागदावरही जागा नाही. प्रत्यक्षात रोटरला थांबून स्थिर व्हायला वेळ लागतो, म्हणून काटे त्याच्या बरेच आधी घरं चुकवू लागतात, आणि पहिलं घर पुन्हा नवाजवळचंच. सेकंदाला आठ ठोक्यांपासून मोजणी सुरू करा, दहा मिनिटं चालवून काटा ठरल्या जागी येतो का बघा. आपल्याला हवेत फक्त सव्वा.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला: साध्या आर्डुइनो बोर्डवर बहुतेक वेळा क्रिस्टलऐवजी सिरॅमिक रेझोनेटर असतो, त्याची चूक अर्ध्या टक्क्यापर्यंत, म्हणजे दिवसाला सात मिनिटं. एका सेकंदासाठी माठ बांधायचा आणि इथे सात मिनिटं सोडायची, यात काही अर्थ नाही. दुसरा: रात्रीचा ठोका १४ भागिले १३, म्हणजे १.०७६९२ सेकंदांचा. कोडमध्ये १०७७ मिलिसेकंद लिहिले की रात्रभरात ४६,८०० ठोक्यांत ३.६ सेकंद गळतात. मेच्या उन्हाच्या तिप्पट.

दोन्हींवर एकच औषध, डीएस३२३१ घड्याळ मॉड्यूल. त्याची एक सेकंदाची पिन आर्डुइनोला जोडा आणि मिलिसेकंद मोजणं बंद करा. दुपारी मॉड्यूलच्या दर ४ सेकंदांत ५ ठोके, रात्री दर १४ सेकंदांत १३ ठोके. पूर्ण आकडे, गळती नाही. हे मॉड्यूल स्वतःचं तापमान मोजून क्रिस्टलची घट आपणच भरून काढतं, ० ते ४० अंशांत दशलक्षात दोनच्या आत. थोडक्यात, ते लावल्यावर माठाची गरज संपते. नातवाने तरीही माठ सोडला नाही. मॉड्यूलच्या स्वस्त पट्टीवर सेल चार्ज करणारा ‘२०१’ लिहिलेला रेझिस्टर असेल, आणि साधा सीआर२०३२ बटण सेल घालणार असाल, तर तो रेझिस्टर आधी काढा. चार्ज न होणारा सेल चार्ज केला की फुगतो.

राहिली वीज. आर्डुइनो पाव वॅट खातो, म्हणजे घड्याळाच्या हजारपट. पेल्टिअर सोडला तर सगळ्या प्रयोगात तापलेली एकमेव वस्तू तीच. चार पेन्सिल सेलांवर तो दोनेक दिवसांत झोपतो. मोबाइलच्या चार्जरवर लावला तर लाईट गेली की काटे थांबतात, आणि लाईट आली की काटे कुठे होते हे कुणालाच माहीत नसतं. पॉवर बँक लावावी तर इतका कमी करंट बघून बऱ्याच पॉवर बँका ‘काही जोडलेलंच नाही’ म्हणून बंद होतात. काट्यांची जागा दर सेकंदाला आर्डुइनोच्या ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत, लिहावी, तर तिची हमी एक लाख वेळा लिहिण्याची, म्हणजे अठ्ठावीस तासांत संपली. मिनिटाला एकदा लिहिलं तर दोन महिने. मे निघून जातो.

निकाल

तिसऱ्या दिवशी सगळं जमलं. बाराला काटा भराभर चालू लागला, ८०० मिलिसेकंदांचा ठोका कानाला जरा घाईचा लागतो, पण कूलरच्या घरघरीत कुणाला कळला नाही. घड्याळात पाच वाजले. आजोबा उठले, टोपी घातली, चपला पायात सरकवल्या आणि दार उघडलं. ऊन अजून चारचं होतं, उंबऱ्याच्या आत हातभर आलेलं. त्यांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा त्याला बांधलेल्या माठाकडे, आणि चपला काढून पुन्हा खाटेवर आडवे झाले.

“घड्यायले बी ऊन लागनं वाटस.”